गोव्यातून कुवेतला जाणारं ख्रिस्ती कुटुंब: कागदपत्रं, शुक्रवारची मीस, दोतोर्न, स्वयंपाक

डिचोलीकर

आमच्या शेजारचं कुटुंब जूनमध्ये कुवेतला चाललंय. नवरा आधीच तिथे आहे. आता बायको आणि दोन मुलं जातील, धाकटा सात वर्षांचा, मोठी अकराची. घरात कोंकणी बोलतात, मुलं शाळेत मराठी शिकलेली आहेत. व्हिसाची माहिती एजंट देतो. विचारायचंय ते रोजच्या जगण्याचं: तिथे चर्चमध्ये मीसला (मुख्य उपासनेला) जाणं कसं असतं, मुलांच्या दोतोर्नचं (चर्चमधल्या धर्मशिक्षणाचं) काय, सणवार कसे होतात, स्वयंपाकात कशावर बंदी आहे, घरून काय न्यावं आणि काय नेऊ नये. माहीतगारांनी नीट तपशिलात लिहावं. बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

शिवोली

सुरुवात कागदांपासून करा, कारण ही कामं गोव्यात असतानाच सोपी असतात.

लग्नाचा दाखला म्हणजे इथे चर्चचा दाखला नव्हे, सिव्हिल रजिस्ट्रारचा. गोव्यात कॅथलिक लग्न चर्चमध्ये लागलं तरी नोंद नागरी दप्तरात होते, आणि परदेशात साक्षांकनासाठी तोच उतारा चालतो. ज्या तालुक्याच्या दप्तरात नोंद आहे तिथूनच ताजी प्रत काढा, आणि एक नको, तीन काढा. शिक्के मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतात. तो कागद एकदा कुवेतला गेला की इथल्या कामांसाठी दुसरा हातात हवा. दाखला लॅमिनेट करून ठेवला असेल तर तो बाद समजा, प्लास्टिकवर शिक्का कुणी मारत नाही. जुना उतारा पोर्तुगीजमध्ये असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतराला वेगळे दिवस धरा.

पुढचा क्रम असा: राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग कुवेतचा दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतली वकिलात, आणि शेवटी कुवेतमध्ये पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. मधली पायरी गाळली तर पुढच्या खिडकीवरून कागद परत येतो. नुसत्या अपोस्टिलवर (हेग करारातल्या देशांत चालणाऱ्या एकाच शिक्क्यावर) काम भागत नाही, कारण कुवेत त्या करारात नाही. ओमान, बहारीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदी त्यात आहेत, म्हणून तिकडे गेलेल्यांचा अनुभव कुवेतला लागू करू नका. मुलांच्या जन्मदाखल्यांनाही हीच वाट.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. जन्मदाखल्यावर तीन नावं, पासपोर्टवर दोन, बाप्तिस्म्याच्या दप्तरात चार, आणि आडनाव कुठे फर्नांडिस तर कुठे फर्नांडिझ. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकी सगळे कागद निघायच्या आधी त्याच्याशी जुळवून घ्या. दुरुस्तीला किती वेळ लागेल याची खात्री कुणी देत नाही, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी हे तपासा.

सासष्टीची_माय

शिवोली बाबांनी सरकारी कागद सांगितले, मी चर्चचे सांगते. लोक हे विसरतात आणि मग गावातल्या विगाराला (चर्चच्या मुख्य पाद्रीला) फोनवर फोन सुरू होतात.

दोन्ही मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले नव्याने काढा. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे दृढीकरण, लग्न वगैरे टिपलं जातं, म्हणून जुन्या प्रतीला अर्थ राहत नाही. लग्नासाठी तर सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. मोठीचा पहिला कोमुयांव (पवित्र भाकरीचं पहिलं ग्रहण) झाला असेल तर त्याचाही दाखला घ्या. शिवाय दोतोर्नची किती वर्षं पुरी झाली, त्याचं फिर्गजीच्या (आपल्या चर्चच्या हद्दीच्या) शिक्क्याचं पत्र हवं. हे पत्र नसेल तर तिथे मुलाला खालच्या वर्गात बसवतात. आखातात दोतोर्न शाळेच्या इयत्तेला जोडलेली असते, पहिला कोमुयांव साधारण तिसरी-चौथीला येतो, आणि मधलं वर्ष गाळून पुढे ढकलत नाहीत. धाकटा सात वर्षांचा म्हणजे नेमका त्याच उंबरठ्यावर आहे. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, तेव्हा पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात चौकशी करा.

तिथे दृढीकरण झालं की तिथली फिर्गज बाप्तिस्म्याच्या फिर्गजीला कळवते. पत्र पोहोचलं का आणि नोंद झाली का, हे सुट्टीत आल्यावर स्वतः दप्तर बघून तपासा. कधी पत्र पोहोचतच नाही आणि पुढे लग्नाच्या वेळी ते उघड होतं.

मुरगांवबंदर

कॅथलिक सोडून इतरांसाठीही लिहितो, कारण वास्को-फोंड्याला नगर, कोल्हापूर, बेळगावकडून आलेली मराठी प्रोटेस्टंट घरं बरीच आहेत. कुवेत शहरात नॅशनल इव्हँजेलिकल चर्चचं आवार आहे. मूळ अमेरिकन मिशनचं. एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या ठरलेल्या वेळी उपासना करतात. सभागृहाची वेळ मोजून मिळते, पुढची मंडळी दारात उभी असते, म्हणून उपासना वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपते. गोव्यातल्या आपल्या सैल वेळापत्रकाची सवय इथे चालत नाही. सोबत मंडळीच्या पाळकाचं सदस्यत्वाचं पत्र न्या. मराठी गीतांचं पुस्तक आणि मराठी बायबल घरातल्या माणसांपुरतंच न्या.

बारदेशकर

सदस्यत्व वगैरे ठीक, पण मूळ गोष्ट राहिली. रविवार.

कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. म्हणून शुक्रवारी आणि शनिवारीही रविवारचीच उपासना होते, तीच वाचनं, तोच उपदेश. मुलांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर घरातलं कॅलेंडर आणि चर्चमधली वाचनं जुळत नाहीत म्हणून ती गोंधळतात. कॅथलिक चर्चं कुवेत शहर, साल्मिया, अहमदी आणि अब्बासिया इथे आहेत. शहरातलं होली फॅमिली को-कॅथेड्रल सगळ्यात मोठं, कोंकणी मीसही तिथे होते. कोंकणी मीस रोमी लिपीच्या पुस्तकावरून चालते. तुमची मुलं देवनागरीत शिकलेली असतील तर त्यांना रोमी कोंकणी वाचायची सवय आताच लावा, रोज एक प्रार्थना पुरे.

भाडं भरायच्या आधी घर चर्चच्या आणि शाळेच्या बसच्या वाटेवर आहे का ते बघा. शुक्रवारी सकाळी चर्चभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही. ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचणं, नाहीतर टॅक्सीने जाणं, हेच दोन उपाय.

आता या बदलाचे परिणाम. गुड फ्रायडे नेहमी सुट्टीवर येतो, त्यामुळे तो दिवस सुखाने पाळता येतो. ईस्टरची सकाळ मात्र कामावर जाते. म्हणून तिथली घरं शनिवार रात्रीचा जागर हाच खरा ईस्टर मानतात, रविवारचं जेवण संध्याकाळी करतात. नाताळ सरकारी सुट्टी नाही. २५ डिसेंबरची रजा ऑक्टोबरातच लिहून द्यावी, कारण कचेरीत केरळी, फिलिपिनो, गोंयकार सगळेच ती मागतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण तिथे शुक्रवार हाच सगळ्यांचा जेवणावळीचा वार. आमंत्रण देणाऱ्याला आधीच सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही, ताटावर बसून सांगितलं तर वाटतं.

डिचोलीकर

रमजानात काय? मुलांचा डबा, पाणी?

बारदेशकर

दिवसा सार्वजनिक जागी खाणं-पिणं-सिगारेट कायद्याने मना आहे. कुवेतचा १९६८ चा ४४ क्रमांकाचा कायदा, १०० दिनारपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीत बसून पाण्याची बाटली तोंडाला लावणं हेही सार्वजनिकच. लहान मुलांवर कुणी डोळे वटारत नाही, पण बसच्या थांब्यावर डबा उघडू नये हे शिकवा. शाळांच्या वेळा कमी होतात, कचेऱ्यांच्याही. घरात काहीच बंधन नाही.

२०२६ साली राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच सुमारास सुरू झाला. असे दोन्ही काळ एकत्र आले की घरचं नियोजन उलट सोपं जातं. संध्याकाळी सगळा मोहल्ला रस्त्यावर असतो, म्हणून चर्चला निघायचं तर इफ्तारच्या अर्धा तास आधीची वेळ टाळा. त्या वेळी प्रत्येकजण घर गाठायच्या घाईत असतो आणि अपघात तेव्हाच होतात.

कुंकळ्ळीची_सून

स्वयंपाकाचं मी लिहिते. हा भाग लांबेल.

आधी काय नेऊ नये. डुकराचं मांस कुठल्याही रूपात नाही: चोरीस (गोव्याचं सॉसेज) नाही, त्या चरबीत तळलेलं काही नाही. दारू नाही, फेणीची छोटी बाटलीसुद्धा नाही. दुबईच्या सुपरमार्केटात बिगरमुस्लिमांसाठी वेगळा विभाग असतो, कतारमध्ये परवाना घेऊन ठरावीक दुकानातून मिळतं. कुवेतमध्ये दोन्ही पूर्ण बंद. आणि खसखस! हिच्यामुळे गोंयकार हमखास अडकतात, कारण शाकुतीत ती घालतातच. आखातातल्या बहुतेक देशांत खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. सुटी नेणं सोडाच, गोव्यातला तयार शाकुती मसाला नेतानाही पाकिटामागचे घटक वाचा. घरी कुटलेला मसाला नेत असाल तर खसखस वगळून कुटा. एक मोठा चमचा खसखशीच्या जागी आठ-दहा काजू भिजवून, किंवा अर्धा चमचा पांढरे तीळ आणि पाच काजू. दाटपणा तोच येतो. तीळ जास्त झाले तर कडवटपणा येतो. विड्याची पानं, गुटखा, तंबाखू नको. औषधांत कोडीनवालं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या असलं काही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि मूळ वेष्टनाशिवाय नेऊ नका.

व्हिनेगर. माडाच्या सुरेचं (आंबलेल्या रसाचं) आपलं व्हिनेगर नेलं आणि लेबलवर ‘ताडी’ असा शब्द असला तर तपासणीत प्रश्न येतात. न्यायचीच गरज नाही. फिलिपिनो दुकानांत माडाच्या रसापासून केलेलं ‘सुकांग तुबा’ मिळतं, आपल्या व्हिनेगराच्या सगळ्यात जवळचं तेच. नारळाच्या पाण्यापासून केलेलंही असतं, ते जरा सौम्य. पांढरं कृत्रिम व्हिनेगर रेशादाला (मासळीत भरायच्या लाल मसाल्याला) वापरू नका, आंबटपणा येतो पण मागची गोडी येत नाही. रेशादाचा मसाला वाटताना पाण्याचा थेंब नको, मिरच्या व्हिनेगरातच भिजवा. काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढला तर फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. बुरशी येते ती नेहमी ओल्या चमच्याने.

सोर्पोतेल (एरवी डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) तिथे बोकडाच्या किंवा बीफच्या मांसाचं करतात. मांस अर्धवट उकडून, गार करून मगच एक सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, गरम असताना कापलं तर चुरा होतो. डुकराची चरबी नसल्यामुळे रस्सा कोरडा पडतो, म्हणून बोकडाची थोडी चरबी आधी वितळवून त्यात मांस परता. काळीज वेगळं परतून शेवटच्या दहा मिनिटांत घाला, आधीपासून शिजवलं तर रबरासारखं होतं. निदान दोन दिवस मुरू द्या, रोज एकदा नीट उकळी आणून.

शिवोली

ताई, सान्नां (सुरेने फुगवलेल्या, इडलीसारख्या)? सूर मिळत नाही म्हणून लोक सोडूनच देतात.

कुंकळ्ळीची_सून

सोडायचं कारण नाही. अर्धा किलो इडलीचा तांदूळ सहा तास भिजवा. केरळचा लाल मट्टा घेऊ नका, त्याने सान्नां जड आणि रंगाने लाल होतात. एका नारळाचं खोबरं घ्या, साधारण २०० ग्रॅम. गोठवलेलं असेल तर पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वाटू नका, थंड खोबऱ्याने यीस्ट मरगळतं. मऊसूत वाटा, पाणी बेताचं, इडलीपेक्षा किंचित पातळ. एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट आणि दोन मोठे चमचे साखर कोमट पाण्यात फेस येईपर्यंत ठेवून मग मिसळा. मीठ शेवटी. मीठ आणि यीस्ट थेट एकत्र केलं की फुगवटा कमी होतो.

खरी चूक होते ती वेळेत. गोव्यात पीठ रात्रभर ठेवायची सवय असते. यीस्टचं पीठ कुवेतच्या उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होतं. त्यापुढे ठेवलं तर आंबूस होऊन वाफवताना खाली बसतं. एसीच्या खोलीत मात्र दोन तासही लागतात. घड्याळ नको, भांड्यावर खूण करा आणि दुप्पट झालं की लगेच वाट्या भरा, अर्ध्याच. पंधरा मिनिटं मोठी वाफ. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर पाणी पडून वरून चिकट होतात.

मार्दोळ

नाताळच्या फराळाबद्दल एक भर. ताट मुस्लिम शेजाऱ्यांकडे जाणार असेल तर करतानाच वेगळं ठेवा: केकमध्ये रम नको, मद्यार्क असलेला व्हॅनिला अर्क नको, जिलेटीनची मिठाई नको. नेवऱ्यो, कुलकुलं, दोदोल आणि चण्याच्या डाळीचं दोस निर्धास्त देता येतं. ताट देताना आत काय आहे ते सांगावं, म्हणजे घेणाऱ्याला विचारायची पाळी येत नाही. ईदला तिकडून ताट येतं, ते रिकामं परत करू नये. आपल्याकडे चवथीला हिंदूंच्या घरून नेवऱ्यो येतात आणि नाताळला ख्रिस्तींच्या घरून दोस जातं, गोव्यातल्या माणसाला ही रीत नव्याने शिकावी लागत नाही.

बेबिंकसाठी (थरांच्या गोड केकसाठी) तिथले विजेचे ओव्हन बरे. पहिला थर खालच्या आचेवर जमू द्या, पुढचे सगळे फक्त वरच्या कॉइलवर. प्रत्येक थरावर चमचाभर तूप, आणि तपकिरी ठिपके आल्याशिवाय पुढचा थर ओतू नका. घाई केली की थर सुटत नाहीत, एकच गोळा होतो. कापायचं दुसऱ्या दिवशी.

सासष्टीची_माय

घरातल्या प्रार्थनेचं कुणी लिहिलं नाही. माझ्या मते मुलांचं सगळं त्यावर उभं राहतं, कारण चर्च आठवड्यातून एकदाच आणि तेही गर्दीत.

कुवेत भारताच्या अडीच तास मागे. गावात सातला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू होतो तेव्हा तिथे साडेचार, मुलं शाळेतून आलेली आणि बाप कामावर. आजी-आजोबांबरोबर फोनवरून तेर्स करायचा तर गावची वेळ साडेनऊ करावी लागते, म्हाताऱ्यांना ती झेपत नाही. मधला मार्ग म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारी साडेचारला गावाबरोबर, बाकी दिवस रात्री जेवणाआधी आपला आपण. वेळ ठरली नाही तर महिन्याभरात सुटतो.

वेदीसाठी मोठी मूर्ती नेऊ नका. सामानात फुटते आणि फ्लॅटमध्ये तिला जागाही नसते. लहान क्रूस, एक तसबीर, घरातल्या प्रत्येकाला एक तेर्साची माळ. प्रार्थनेची पुस्तकं माणशी एक. गठ्ठ्याने पुस्तकं किंवा वाटायची पत्रकं दिसली की ती प्रचारासाठी आहेत असं समजलं जातं, आणि धर्मप्रचार तिथे गुन्हा आहे. घरातली लादाइन (जमून गायची प्रार्थना) चालते, पण पंचवीस माणसं, पेटी आणि व्हायोलिन घेऊन नाही. खाली गाड्या दाटल्या आणि आवाज बाहेर गेला की तक्रार होते. आठ-दहा जण, खिडक्या बंद, नऊच्या आत संपवा.

मुरगांवबंदर

नाताळचा तारा खिडकीच्या आतल्या बाजूला लावा, बाहेर गॅलरीत नको. गोठा दिवाणखान्यात हवा तेवढा मोठा करा.

बारदेशकर

तारा गॅलरीत लावणारी घरंही आहेत, इमारतीत सगळे आपलेच भारतीय असले तर कुणी काही म्हणत नाही.

मुरगांवबंदर

बाब, म्हणत नाही हे खरं. पण घर भाड्याचं आणि इकामा (राहण्याचा परवाना) कंपनीच्या हातात असताना इमारतीच्या हारिसला (रखवालदाराला) उत्तर द्यायची वेळ कशाला आणायची? आतून लावलेला ताराही बाहेरून दिसतो.

शिवोली

शाळेचं थोडक्यात. भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या असतात. इस्लामचा विषय फक्त मुस्लिम मुलांना, अरबी मात्र इतरांनाही ठरावीक इयत्तेपर्यंत शिकावी लागते. दुसरी भाषा म्हणून हिंदी मिळते, मराठी किंवा कोंकणी मिळेल असं धरून चालू नका. चार-पाच वर्षांनी गोव्यात परतायचा विचार असेल तर मोठीचं मराठी वाचन-लेखन घरी चालू ठेवा. इथली पाचवी-सहावीची पुस्तकं सोबत न्या, वजनाला हलकी आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही साक्षांकन मागतात, तेही इथूनच करून न्या.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार, त्यांना हे छापून देतो. एक राहिलं: तिथे आणखी मूल झालं तर बाप्तिस्मा गावी करता येतो का? आजीचा आग्रह आहे.

सासष्टीची_माय

येतो. बाप्तिस्मा आईबापांच्या राहत्या फिर्गजीत व्हावा हा नियम, म्हणून तिथल्या फादराचं संमतीपत्र आणावं लागतं. ते सुट्टीच्या महिनाभर आधी मागा, कारण त्याआधी आईबापांसाठी तयारीचा वर्ग करायला सांगतात. पाद्रीन-मादीन (धर्मपिता-धर्ममाता) कॅथलिक, दृढीकरण झालेले आणि सोळा वर्षं पुरी केलेले हवेत. ठरलेला पाद्रीन जहाजावर असेल तर त्याच्या वतीने दुसरा उभा राहू शकतो, दप्तरात नाव मूळ पाद्रीनाचंच लागतं. मात्र हे आधी लेखी कळवा.

शिवोली

आणि जन्माचं सरकारी काम त्याआधी. प्रसूतीच्या इस्पितळात साक्षांकित लग्नदाखला मागतात, तिथेच वर सांगितलेला तो कागद लागतो. जन्माची नोंद झाली की वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवा. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाचं नाव अरबी नोंदीत जसं उतरतं तसंच पुढे इंग्रजीत येतं, म्हणून नाव पासपोर्टच्या स्पेलिंगसह कागदावर ठळक लिहून खिडकीवर द्या आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून अक्षर न्‌ अक्षर तपासा. घरी आल्यावर चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

कुंकळ्ळीची_सून

जूनमध्ये जाणार आहेत म्हणून सांगते, तिथे तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या वर ऊन असतं. आमसुलं न्या, अर्धा किलो. तिरफळं न्या, वाळलेली, पाकीटबंद. बाकी नारळ, तांदूळ, मिरची, बांगडे सगळं तिथे मिळतं. सुकी मासळी नेलीत तर दुहेरी प्लास्टिकमध्ये, कपड्यांच्या बॅगेत नको.